सोमवारचा आकडा

“माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी खोटं बोलतो, आणि त्या खोट्यापाशीच त्याचं खरं दुखणं असतं,” असं डॉक्टर सुमती वेलकर एकदा म्हणाल्या होत्या.

ललिता तेव्हा सतरा वर्षांची होती. तिची आई सखुबाई माहीमच्या कोळीवाड्यातून लालबागच्या बाजारात मासळी विकायला यायची. एक दिवस तिने मुलीला हाताला धरून डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आणलं. “हिला कायतरी शिकवा बाई, पाटीखाली मान मोडंल हिची,” म्हणाली, आणि मासळीची पाटी उचलून निघूनही गेली. ललिता तिथे राहिली ती आजतागायत. आता तिचं वय बासष्ट आणि बाईंचं ब्याऐंशी.

लालबागच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या बाईंनी गिरगावच्या घरातला आपला वाटा विकून घेतल्या होत्या. नंतरची पन्नास वर्षं त्या भावाच्या हिश्श्यातल्या एका खोलीत राहिल्या, आणि भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाबरोबर, विक्रांतबरोबर. दवाखान्यात फी नव्हती. वेलकरांच्या घरात याबद्दल पहिली दहा वर्षं कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. त्यांनाही ते फारसं जाणवलं नसावं, कारण तेव्हा त्या गिरणी कामगारांचे श्वास मोजत होत्या.

मोजत होत्या हे अगदी खरं. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजायचा, तिथे त्याचा बारीक धुरळा दिवसभर छातीत जायचा. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी कामावर गेला की संध्याकाळपर्यंत त्याची छाती आवळायची, आणि मंगळवार-बुधवारी पुन्हा सैल पडायची. गिरणीचे डॉक्टर म्हणायचे, बिड्या कमी करा. बाई म्हणाल्या, बिडी काय फक्त सोमवारी ओढतो हा? त्यांनी सोमवारी संध्याकाळचा वेगळा दवाखाना सुरू केला. समोर बसलेल्याने छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात एक, दोन, तीन म्हणत जायचं. जिथे दम तुटेल तो आकडा वहीत. अशा वह्यांची एक थप्पी झाली, आणि त्या वह्यांच्या जोरावर कितीतरी माणसं धुरळ्याच्या खात्यातून दुसरीकडे गेली.

पण आकडा खाली आला की बाई खातं बदलायची चिठ्ठी लिहिणार, आणि खातं बदललं की पगार हातात कमी पडणार, हे कामगारांनाही ठाऊक झालं. मग ते भरभर मोजू लागले. भिवा परब हा त्यातला उस्ताद. एका दमात तो पन्नासपर्यंत असा धावायचा, जणू मागे कुत्रं लागलंय. बाईंनी एकदा शांतपणे ऐकून घेतलं, पेन्सिल उलटी धरली आणि टेबलावर टक्, टक् असा ठोका धरला. “आता माझ्याबरोबर मोज, भिवा. एका ठोक्याला एक.” भिवा अठरावर अडकला. त्या दिवसापासून दवाखान्यात पेन्सिलीशिवाय कुणी मोजलं नाही. ठोका धरायचं काम ललिताकडे आलं.

गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी उंच काचा आल्या. सोमवार मात्र राहिला. म्हातारे झालेले कामगार, त्यांच्या विधवा, आणि आता धुळीतलीच दुसरी कामं करणारी त्यांची नातवंडं अजूनही सोमवारी संध्याकाळी बाकावर येऊन बसतात.

यंदाच्या ऑक्टोबरात ललिताला प्रथम पायऱ्या खटकल्या. दवाखान्याला तीनच पायऱ्या. बाई टॅक्सीतून उतरायच्या, दोन पायऱ्या चढायच्या आणि तिथे थांबून भिंतीवरचा लसीकरणाचा कागद वाचायच्या. तो कागद मार्चपासून तिथे होता आणि बाईंनीच चिकटवला होता. मग नलूची गोष्ट. गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणारी नलू शेजारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळली होती. दर गुरुवारी बाई तिला बघायला वर जायच्या. सहा गुरुवार झाले, बाई गेल्या नव्हत्या. एकदा टॅक्सी मिळाली नाही, एकदा डोळ्यांचे थेंब घातले होते, एकदा म्हणाल्या, नलूची झोपेची वेळ असते ती.

आणि मग तो सोमवार. बाई भिवाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून उभ्या होत्या. एकाएकी त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि हाताने टेबलाची कड शोधली.

“बाये, बसा, बसा,” भिवा वळून म्हणाला. “माजी पाठ खंय पळान जाता?”

“काही नाही रे. उपास आहे सोमवारचा.”

ललिता औषधांच्या कपाटापाशी होती. तिचा हात तिथेच राहिला. मासळीवर जीव टाकणाऱ्या पाठारे प्रभूंच्या घरातली ही बाई आयुष्यात एकदाही उपासाला उपाशी राहिली नव्हती. पंचेचाळीस वर्षं ललिता माहीमहून डब्यात काही ना काही आणत होती. मागच्याच सोमवारी बाईंनी बोंबील खाऊन वर बोटं चाटली होती आणि विचारलं होतं, कोलंबी कधी आणतेस.

आतापर्यंत इथे हजारो लोक खोटं बोलले होते. बाईंचं खोटं उघडं पडलं, ते पहिल्यांदा.

ललिताला त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. बोलावं तर बाई आयुष्यभराचा संबंध तोडतील, इतक्या त्या मानी. न बोलावं तर एखाद्या दिवशी दुसऱ्या पायरीवर, त्या कागदासमोर, सगळं संपायचं. शेवटचा पेशंट जाईपर्यंत तिने हे दोन्ही मनात वरखाली केलं. मग तिने दाराला कडी लावली आणि बाईंच्या समोरच्या, पेशंटच्या खुर्चीच्या शेजारी उभी राहिली.

“बाई, जरा इथे बसा.”

“मी इथे बसलेच आहे की.”

“त्या खुर्चीवर नाही. ह्या.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “का, आज तू डॉक्टर?”

“आज मी डॉक्टर. बसा आणि मोजा.”

बाई हसल्या, पण उठल्या. पेशंटच्या खुर्चीत बसून त्यांनी श्वास घेतला आणि मोजायला लागल्या. एक दोन तीन चार, आकड्यांमध्ये फटसुद्धा न ठेवता, धावत. ललिताने त्यांना पंचवीसपर्यंत जाऊ दिलं. मग टेबलावरची पेन्सिल उलटी धरली.

टक्. टक्.

“ललिता.”

“ठोक्याला एक. भिवाला सूट नव्हती, तुम्हालाही नाही.”

बाईंनी पुन्हा श्वास घेतला. एक. दोन. तीन. सातव्या आकड्याला आवाज पातळ झाला. अकराव्यानंतर नुसते ओठ हलले.

ललिताने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट. मग पुन्हा एक मिनिट, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःवर विश्वास बसला नाही. नाडीच्या दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा होती की तिला प्रत्येक वेळी वाटत होतं, आता पुढचा येणार नाही.

“चौतीस,” ती म्हणाली.

“परवा अडतीस होते.” बाई जमिनीकडे बघत होत्या. “मला माहीत आहे ललिता. महिना झाला. ठोक्यांचं यंत्र बसवावं लागेल, पेसमेकर. छोटंसं असतं, तासाभराचं काम.”

“मग बसवलं का नाही?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

“विक्रांत गेल्या वर्षीच म्हणाला, आत्या, आता पुरे. छातीत यंत्र बसलं की त्याला आयतं कारण. मला खोलीत बसवतील. सकाळी चहा, दुपारी औषध, संध्याकाळी खिडकी. मी मरायला भीत नाही ग. त्या खिडकीला भिते.”

हेच ते, ललिताला वाटलं. दुखणं खोट्यापाशी असतं म्हणाल्या होत्या, तिथेच निघालं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण उलट छातीवरचं काहीतरी सैल झालं. जे माहीत झालं त्याचं काहीतरी करता येतं.

“भिवाला काय सांगितलं होतं तुम्ही?” ती म्हणाली. “खातं बदल, काम राहील. खातं बदललं नाहीस तर तूच राहणार नाहीस. उठा. टॅक्सी बघते.”

“डब्यात काही आहे का?”

“कोलंबी आहे. पण तुमचा उपास ना.”

परळच्या इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, “आजी, त्रास कधीपासून होतोय?”

“तीन-चार दिवस,” बाई म्हणाल्या.

“दीड महिना,” मागून ललिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. ललिता बाहेरच्या बाकावर विक्रांतशेजारी बसली. पन्नाशीचा, शांत माणूस, वास्तुरचनाकार. तो आपल्यावर चिडणार हे तिने धरलंच होतं.

“तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारलं.

“उपास आहे म्हणाल्या.”

विक्रांतने डोक्याला हात लावला आणि इस्पितळाच्या त्या पांढऱ्या बोळात मोठ्याने हसला. मग डोळे पुसले. “मला का नाही सांगितलं त्यांनी?”

ललिताने खरं ते सांगितलं. खिडकीचंसुद्धा.  त्याचा चेहरा उतरलेला तिने पहिल्यांदाच बघितला.

तासाभराने दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालंय, ठोके सत्तर. ललिताने बाकाची कड सोडली तेव्हा तिला कळलं की इतका वेळ आपण ती धरून ठेवली होती. संध्याकाळी बाई पलंगावर टेकून बसल्या. गालांवर रंग होता. विक्रांत जवळ गेला. 

“आत्या, इथून पुढे टॅक्सी नाही,” तो म्हणाला. “सोमवारी मी गाडी घेऊन येणार. चार वाजता तयार राहायचं. मला थांबायला आवडत नाही.”

बाईंनी ललिताकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

महिन्याने त्या आल्या, सोमवारीच. ललिता दारात उभी होती. तीन पायऱ्या, कागदाकडे न बघता. बाकावर सातआठ जण होते, पहिला भिवा.

“आज आमी नाय मोजूचव,” तो म्हणाला. “पैलो नंबर तुमचो. इतकी वर्सां आमचो दम काडलास.”

“खरंच,” बाकावरून दोघी-तिघी म्हणाल्या.

बाई मुकाट्याने पेशंटच्या खुर्चीत बसल्या. ललिताने पेन्सिल उलटी धरली. टक्. एक. टक्. दोन. बारावर भिवा पुढे झुकला. अठराला, स्वतःच्या जुन्या आकड्याला, त्याने मान हलवली. वीस. बावीस. बाईंचा आवाज पातळ झाला, पण तुटला नाही. सव्विसाव्या ठोक्याला त्यांनी हात वर केला.

“सव्वीस,” भिवा म्हणाला. “ह्या वयात. कायतरी फसवणूक आसा. यंत्र मोजता.”

सगळे हसले. ललिताने नवा केसपेपर घेतला आणि अक्षर नीट काढत लिहिलं: सुमती वेलकर, वय ब्याऐंशी, आकडा सव्वीस. लिहून झाल्यावर वर बघितलं.

बाई उठल्या होत्या. त्यांनी खुंटीवरची जुनी चामड्याची बॅग काढली, स्टेथोस्कोप तिच्यात टाकला, आणि शेजारच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याकडे, नलूच्या खोलीकडे, निघाल्या.