नानांची चढणारी गाडी

माझ्या थोरल्या साडूंनी बाजारातून घरात आणलेली एकही वस्तू आजवर जशी आली तशी वापरलेली नाही. यात मी चपलांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं धरतो. फक्त माझी मेहुणी तेवढी वगळतो, कारण तिला बदलायला गेलेला माणूस स्वतःच बदलून बाहेर येतो. साडूंना आम्ही सगळे नाना म्हणतो. धुळ्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार ट्रॅक्टरमध्ये घालून आणतो, नाना तिच्या पोटातली काळी पडलेली तार ओढून काढतात, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरतात, आणि मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. चाळीसेक वर्षं हेच केल्यामुळे झालंय असं, की फिरणारी कुठलीही चीज दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटते. शिवाय त्यांचं एक ठाम मत आहे. जगातल्या सगळ्या कंपन्या सगळ्या वस्तू गरजेपेक्षा जास्त जोरात पळवतात, म्हणून त्या लवकर मरतात. त्यांच्या बैठकीतला पंखा त्यांनी असा काही वाइंड केला आहे, की त्याची पाती मोजता येतात. पाहुणा घाम पुसत वर बघायला लागला, की नाना म्हणतात, "भाऊ, हाऊ पंखा माना बापना येळना शे, आजून चाली ऱ्हायना." वारा येतो की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. मिक्सरचंही तेच. त्यात शेंगदाण्याची चटणी व्हायला पाऊण तास लागतो, पण ती पाट्यावर वाटल्यासारखी होते हे मात्र खरं. आणि त्यांची स्कूटर लळिंग घाट दोन माणसं आणि गॅसची टाकी घेऊन कुरकुर न करता चढते. सपाट रस्त्यावर मात्र तिला सायकलवाले घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगतात.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या पुण्याच्या मुलाने एका दिवाळीला रिमोटवर चालणारा एक भलामोठा खेळण्यातला ट्रक आणून ठेवला, ही त्या मुलाचीच चूक. त्याच्या ऑफिसातले लोक म्हणे सुट्टीच्या दिवशी अशा गाड्या मैदानात उडवतात. याची उडून पडली, तिचं काहीतरी आतलं तुटलं, तेव्हा "नाना, एवढं नीट करून ठेवा, पुढच्या खेपेला नेतो," असं म्हणून तो गेला. ट्रक चांगला हातभर लांब, चाकं बाजरीच्या भाकरीएवढी. नानांनी दहा मिनिटांत तो दुरुस्त केला आणि गल्लीत सोडला. तो असा सुटला, की समोरच्या डेअरीवाल्याच्या कॅनवर आपटून, उलटा होऊन, चारी चाकं वर करून फिरत राहिला. मी त्या दिवशी जळगावहून फराळाचा डबा घेऊन आलो होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं. नानांनी ट्रक उचलला, चाकं बोटाने थांबवली आणि एखाद्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "पयाले कुत्रं बी पयस," ते म्हणाले, म्हणजे पळायला काय, कुत्रंही पळतं. "चढाले अक्कल लागस."

आता हे चढण्याचं खूळ डोक्यात का शिरलं, ते सांगायला हवं. नानांच्या कुळाची देवी शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. देऊळ असं नाहीच. एका कोरड्या नाल्याच्या काठी खडकांचा चढ आहे आणि त्याच्या टोकाला, खालून स्पष्ट दिसेल अशी, शेंदूर लावलेली देवी. पायऱ्या नाहीत. माघात घरच्या सुनेने ओटी भरायची आणि ती स्वतःच्या हाताने वर न्यायची, मध्ये दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत आहे. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, लग्न होऊन आल्यापासून एकही माघ चुकवला नव्हता. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खडकावर पाय ठेवायला साफ मनाई केली. पहिल्या वर्षी नानांनी डोली करायची असं ठरवलं. चार माणसंही बघून ठेवली. अक्का म्हणाल्या, "मी काय केयीना घड शे का, चार जन खांदावर लई जातीन?" केळीचा घड व्हायला त्या तयार नव्हत्या, विषय संपला. त्या वर्षी ओटी वर गेली नाही. अक्का त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आणि अक्का ज्याबद्दल बोलत नाहीत त्याचा नानांना भयंकर त्रास होतो.

तर त्या उलट्या पडलेल्या ट्रकच्या साक्षीने नानांच्या डोक्यात आलं, की गाडी जर खडक चढली, आणि तिचा रिमोट अक्कांच्या हातात असला, तर ओटी अक्कांच्याच हाताने गेली! मी म्हटलं, "नाना, ही पळवाट झाली." ते म्हणाले, "भाऊ, विहीरनी मोटर घरमातून बटन दाबीसन चालू करतस, तवय पानी कोन काढस? शेजारी?" मी जळगावच्या शाळेत गणित शिकवतो. असला युक्तिवाद आमच्या अभ्यासक्रमात नाही.

पुढचं वर्षभर, मधला एक माघ तसाच जाऊ देऊन, नानांनी त्या ट्रकची राक्षसी वृत्ती एकेक करून मोडून काढली. पहिली मोटार. जाड तारेचे थोडे वेढे म्हणजे पळ, बारीक तारेचे भरपूर वेढे म्हणजे संथपणा आणि दम, एवढं वाइंडिंगचं शास्त्र मला त्यांनीच शिकवलं. अंगठ्याएवढी ती मोटार त्यांनी डोळ्यांना भिंग लावून पुन्हा भरली, वार्निशमध्ये बुडवली आणि वाळायला गच्चीवर अक्कांच्या बिबड्यांशेजारी, म्हणजे ज्वारीच्या पापडांशेजारी, ठेवली. त्या वर्षीच्या बिबड्यांना वार्निशचा वास होता. नानांनी ते सगळे एकट्याने खाल्ले आणि शेवटपर्यंत कुठलाही वास येत असल्याचं मान्य केलं नाही. मग एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्याच चाकाकडे पळतो, हा दोष निघाला. नानांनी आतले दातेच चिकटवायचा मसाला भरून एकमेकांना जाम केले, की फिरतील तर सगळी चाकं बरोबर फिरतील. फवारणी पंपातल्या मऊ स्प्रिंगा लावल्या, चाकांत शिसं ओतलं, की गाडी जमिनीला धरून राहावी. टायरमध्ये भरायला काहीतरी लुसलुशीत हवं होतं. त्यासाठी मला रावेरला पिटाळण्यात आलं, आणि केळीच्या फण्या एकमेकींना घासू नयेत म्हणून पेटीत घालतात तो पातळ फोम मी एका पॅकिंगवाल्याकडून पिशवीभर आणला. तो भरल्यावर टायर खडकावर असा बसायचा, जशी मांजर उशीवर बसते. सगळं जुळल्यावर मी दात्यांचं गणित मांडलं आणि जाहीर केलं, की या वेगाने गाडीला तो चढ चढायला साडेपाच तास लागतील. नानांनी चाक बोटाने एकदा फिरवलं, आढ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्धा घंटा." रात्रभर तपासल्यावर माझी दशांश चिन्हाची चूक सापडली. ती मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

मागच्या बाजूला नानांनी पितळी ताम्हण चापांनी बसवलं. का मागे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आमच्याकडे केळी असो, कापूस असो, वऱ्हाड असो, माल नेहमी मागेच असतो. ड्रायव्हर पुढे, ट्रॉली मागे. पांझरेच्या कोरड्या पात्रात ताम्हणात एक चपटा दगड ठेवून नानांनी चाचण्या घेतल्या. गाडी मुंगीच्या पावलाने, पण न थांबता, दगडांवरून जायची, आणि बटण सोडलं की चढावर जिथल्या तिथे उभी राहायची. नदीकाठचे लोक जमायचे. नाना त्यांना सांगायचे, "थांबनी का थांबनी. मांगे येवानं नाव नही." अक्कांचा सराव मात्र परसात, विटा आणि पाटा-वरवंट्यावरून व्हायचा. पहिल्या दिवशी नाना मागे उभे राहून सूचना देत होते. दुसऱ्या दिवशी अक्कांनी त्यांना चहाला दूध आणायला पाठवलं. त्यानंतर सरावाच्या वेळी त्या घरात रोज दूध कमी पडू लागलं.

माघ आला. आम्ही सगळे जीपने देवीला गेलो. खाली निंबाखाली खुर्ची मांडून अक्का बसल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर रिमोट. ताम्हणात खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि अक्कांनी निवडलेला चांगला वजनदार नारळ. तो खाली पडला तर ओटी मोडली. मग पुढच्या माघापर्यंत काही नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला गाडीमागे चालायचं काम होतं, पण हात न लावण्याच्या अटीवर. म्हणजे गाडी पडली तर मी फक्त दुःखी चेहरा करायचा होता. गाडी निघाली. दर्शनाला आलेले लोक आधी हसले, मग बाजूला झाले, मग एका म्हातारीने वाकून तिच्या टपाला हळदीकुंकू लावलं आणि माझ्याही पाया पडू लागली. वरातीत नवरदेवाच्या घोड्यामागे चालतात तसे आम्ही सात-आठ जण त्या हातभर गाडीमागे पाऊल पाऊल चढत होतो.

शेवटच्या खडकाने घात केला. तो पुरुषभर उंच आणि चांगलाच उभा. गाडीने पुढची चाकं टेकवली, चढू लागली, आणि मागच्या नारळाच्या वजनाने तिचं तोंड आकाशाकडे उठलं. चाचणीतला दगड चपटा होता, नारळ नव्हता! पुढची दोन्ही चाकं हवेत फिरत होती. आणखी दोन बोटं उठली असती तर सगळं माझ्या पायाशी आलं असतं. खालून नानांचा आवाज आला. असा घाबरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "दे, दे, माले दे रिमोट!" मी वळून बघितलं. नाना हात पुढे करून उभे होते आणि अक्कांनी रिमोट पदराखाली घेतला होता.

"सरका बाजूले," अक्का म्हणाल्या. गाडी थांबली. मग केसभर केसभर मागे आली, पुढची चाकं खडकाला लागली. अक्कांनी ती सपाटीवर उतरवली, तीनदा पुढे-मागे करून पूर्ण फिरवली आणि उलटी, मागचं अंग पुढे करून, खडकाला लावली. नाना कळवळून म्हणाले, "अवं, देवीले पाठ दावस का?"

"पाठ कसानी? ओटी पुढे शे," अक्का म्हणाल्या. "बाई ओटी हातमा धरीसन पुढे करस. तुम्हीन ती ट्रॉलीमा टाकी दिधी, केयीना घडना मायेक!"

वजन आता चढाच्या बाजूला होतं. गाडीने खडक घट्ट धरला. एक चाक घसरलं, बाकीच्या तिन्ही चाकांनी तिला ढकललं, आणि ताम्हण आधी वर टेकलं, मग गाडी. वर उभ्या असलेल्या पुजाऱ्याने ओटी उचलून देवीच्या पदरात घातली. खाली अक्कांनी रिमोटसकट हात जोडले. मला तेव्हा रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. माझ्याबरोबरची सगळी माणसंही डोळे पुसत होती. नाना वर आले नाहीत. खरं तर त्यांना गुडघ्याचा काडीचा त्रास नाही, अजून ते पाण्याच्या टाकीवर शिडीशिवाय चढतात. त्या दिवशी ते अक्कांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसून राहिले आणि म्हणाले, "माना बी पाय दुखी ऱ्हायनात."

तेव्हापासून दर माघात ती गाडी अशीच उलटी चढते. पुण्याचा मुलगा अधूनमधून ट्रक मागतो. नाना त्याला सांगतात, रिपेअर चालू शे. यंदा गेलो तेव्हा अक्कांचे हात थोडे कापत होते, वर पोचायला पाऊण तास लागला, आणि नाना पूर्ण वेळ त्यांच्या बाजूला बसून गाडीऐवजी त्या हातांकडे बघत होते. परत आल्यावर धुळ्याच्या अंगणात ते गाडी फडक्याने पुसत बसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, ताम्हण पुढे बसवून टाका ना. तासाभराचं काम. मग सरळ चढेल."

नानांनी चाकातला एक खडा नखाने काढला. आत स्वयंपाकघरात तो संथ मिक्सर घरघरत होता.

"नको भाऊ," ते म्हणाले. "हाई जशी शे तशीच ऱ्हाऊ दे."