तिच्यासमोर वाचशील काय?

"वाच बघू मोठ्यानं," असं म्हणून आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे आणि डोळे मिटून ऐकायला बसायचे. उमरोळीत आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन. कुणी वेडंवाकडं लिहिलं, की संध्याकाळी यांची स्कूटर त्याच्या दारात. ग्रुपमधून काढून टाकणं त्यांना पटत नसे. ओटीवर बसून चहा घ्यायचा आणि लिहिणाऱ्याकडूनच त्याचा मेसेज वाचून घ्यायचा. निम्मे लोक दुसऱ्या ओळीलाच खोकायला लागत.

असा एखादा ॲडमिन तुमच्याही नशिबी आला असेल, तर तुम्ही भाग्यवान. आमचे आप्पा सकाळी ग्रुपवर फूल पाठवत, तेही स्वतःच्या बागेतल्या सोनचाफ्याचं. "लोकाचं फूल मी का म्हनून पाठवू?"

एकदा आमच्या धाकट्या दिरांनी कुठूनसा आलेला व्हिडिओ ग्रुपवर ढकलला. त्यात कुणी मासळीवर कसलीशी पावडर टाकत होतं. कुठला, कधीचा, पत्ता नाही. भावोजींनी खाली आपलं शहाणपण जोडलं, 'स्टेशनबाहेरच्या मावशीचा मालही बघून घ्या.' झालं. दातिवऱ्याहून येणाऱ्या त्या बाईची पाटी भरलेलीच परत जाऊ लागली. तिचं घर त्या पाटीवरच चालायचं.

आप्पा आमच्या ओटीवर आले. भावोजींनी मेसेज न अडखळता वाचला. निगरगट्टपणा आमच्या घराण्यात आहेच.

"सकाळी तिच्यासमोर वाचशील काय?"

"आप्पा, मी फक्त पुढे पाठवलं."

"आनि खालची ओळ कोनी लिवली, मी?"

सकाळी दोघं गेले. पिशवी घेऊन मीही मागोमाग, गंमत कशाला सोडा? तिथे मात्र भावोजी पहिल्याच ओळीला खोकायला लागले. कसंबसं वाचून झालं. मावशीनं ऐकून घेतलं, एक पापलेट उचललं आणि कल्ला उघडून दाखवला.

"बघ बाबा, लाल हाय का नाय? आदी मला इचारायचं. मी हितंच बसते."

भावोजी तो मेसेज पुसायला निघाले. आप्पा म्हणाले, "नुसता पुसू नको. चिखल उडवलास तितंच माफी लिव." त्यांनी लिहिली. भरीला मावशीचा फोटोही टाकायला निघाले, तेव्हा आप्पांनी हात धरला.

"तिला इचारलंस?"

मावशी हसली. "थांब, पदर नीट करू दे."

मग आप्पांनी तिलाच ग्रुपमध्ये घेतलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलून पाठवायची. रोज सकाळी आळीतल्या घराघरांतून ऐकू यायचं, "बोंबील ताजे हायत. सुरमय नाय." पाटी रिकामी होऊ लागली.

गेल्या माघात आप्पा झोपेतच गेले. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या सकाळी ग्रुपवर सोनचाफ्याचं फूल आलं नाही. मग मावशीचा आवाज आला.

"आज पाटी नाय. माजा भाऊ गेला."

भावोजींनी ते ऐकलं, डोळे पुसले, आणि तिला आणायला दातिवऱ्याला गाडी काढली.