मानेसरचा कळंब

भूतबाधा, अंगात येणं, भास होणं... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून सरळ चहा टाकायला जातो. फौजेत ट्रक चालवला, डोंगरात एकटा राहिलो, मला कधी काही दिसलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत. हे मी बोललो आणि माझ्या नातीने, मुक्ताने, टाईप केलं. एक शब्द बदलू दिला नाही तिला.

आम्ही मूळचे झाशीकडचे मराठे. सत्तावन्नच्या बंडात आमचा मूळपुरुष इंग्रजांच्या बाजूने राहिला. का राहिला ते माहीत नाही, आणि मी त्याची लाजही धरत नाही. बंड मोडल्यावर भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकलं. मग साहेबाने त्याला मानेसरकडे कुठेशी जमीन देऊन बसवलं. माझ्या आजोबांनी ती विकली आणि पलटणीत गेले. तेव्हापासून आम्ही छावणीतले. दिल्ली कँटातल्या क्वार्टरपुढे थंडीत आई शेगडीवर रताळी भाजायची, आणि वडील नुसता हात करून म्हणायचे, "आपलं घर तिकडे होतं." तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मुक्ताचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला, तिचाच पसंत केलेला. सरोजिनी नगरला त्यांच्या क्वार्टरमध्ये बोलणी चालली होती, तेवढ्यात मुलाच्या आजींनी विचारलं, "भाऊ, तुमचं देवक काय?"

आमच्यात लग्नाआधी कुळाच्या झाडाची डहाळी आणून पुजतात, ते देवक. दोन्ही घरांचं एकच निघालं तर मुलगा-मुलगी भावंडं धरतात, लग्न होत नाही. आमचं देवक घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण चार माणसांत 'माहीत नाही' म्हणणारा मी नव्हे. ठोकून दिलं — "पंचपल्लव." पाच झाडांची पानं; पुष्कळ घरांत हेच असतं.

आजींनी कप खाली ठेवला. "अहो, आमचंही तेच."

मेट्रोत मुक्ता माझ्यापासून लांब जाऊन बसली. नोएडाला घरात शिरल्यावर म्हणाली, "आजोबा, यार... माहीत नाही एवढंच म्हणायचं होतं ना."

तिने झाशीकडच्या आमच्या आडनावाच्या लोकांना फोन लावले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "इंग्रजांकडे गेले ते का? त्यांचं नाव आम्ही घेत नाही." आणि ठेवून दिला.

राहिलं मानेसर. मुक्ताने मोबाईलवर एक गाव अंदाजाने काढलं आणि आम्ही दोघं मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनला उतरून तिथून ऑटो करून निघालो. स्वच्छ ऊन होतं, कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या. एका चौकात माझ्या तोंडून निघालं, "बाएं ले."

"आजोबा, मॅप सरळ दाखवतोय."

"मॅपला काय कळतंय. बाएं."

ऑटोवाला म्हणाला, "ताऊ, पहले आए हो इधर?"

"नहीं."

"फिर?"

"तू चला."

आणि मी सांगत गेलो. इथे वळ, इथे सरळ. विचार करावा लागतच नव्हता... शाळा सुटल्यावर पोराचे पाय आपोआप घराकडे चालतात, तसं. दोन्ही बाजूंना फॅक्टऱ्यांच्या भिंती, ओळखीचं काही नाही. तरी मला कळत होतं, आता उतार येईल — आणि उतार आला. ज्या घरात मी कधी राहिलो नाही त्याची आठवण दाटून आली. रस्त्याकडे तोंड करून बसलो, मुक्ताला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

"रोक."

दोन फॅक्टऱ्यांच्या मध्ये जमिनीचा एक तुकडा. त्यात पार, पारावर जुनं मोठं झाड. एक म्हातारी उन्हात गोवऱ्या थापत होती. मुक्ताने विचारलं, "अम्मा, यहाँ कभी कोई दखनी परिवार रहता था?"

म्हातारीने हातानेच झाड दाखवलं. "यो दखनियां का कदम सै. म्हारी सास बताया करती — ब्याह में सबतै पहलां इसकी डाळी ले जाया करते. इसकी लाकड़ी कदे ना जळाई उन्होंने."

दखनी म्हणजे आपण मराठे, आणि कदम म्हणजे आपला कळंब. लग्नात आधी याचीच डहाळी न्यायचे, याचं लाकूड कधी जाळलं नाही. मुक्ताने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. मग डोळे पुसले, सरोजिनी नगरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही बोलायचं."

मी म्हणालो, "कळंब आहे आमचं. त्या दिवशी थाप मारली होती."

आजी म्हणाल्या, "वाटलंच होतं, भाऊ. एवढ्या जोरात कोणी देवक सांगतं का?"

लग्न ठरलं. देवकाच्या डहाळीसाठी मी मुद्दाम एकटा गेलो. पण त्या चौकात उतरलो आणि... काहीच नाही. डावीकडे की उजवीकडे, काही सुचेना. गेटावरच्या गार्डांना विचारत, दोनदा चुकत कसाबसा पोचलो. माझा मुलगा, मुक्ताचा बाप, म्हणतो, बाबा, नोकरीत कधी तिकडून ट्रक नेला असेल. नेला असता तर विसरलो नसतो. माझ्या हातून गेलेला रस्ता मी विसरत नाही.

मग पहिल्या वेळी मला रस्ता कसा कळला?  त्या दिवशी पारावर चढून डहाळी तोडायला हात वर केला, पण तसाच थांबलो. आधी म्हातारीला विचारलं, घेऊ का म्हणून.