इद्रीस बुरोंडकरच्या हॉलमधला ऑस्ट्रिया

शारजात रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर इद्रीस बुरोंडकर राहायचा. त्याच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चप्पल काढता काढता थबकायचा. समोरच्या भिंतीला जिथं सगळ्यांच्या घरी टीव्ही असतो, तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचं कपाट होतं. आत ट्यूबलाइट, काळी मखमल, आणि मखमलीवर संगिनी, कमरपट्ट्याची पितळी बक्कलं, इनॅमलचे पाण्याचे चंबू, लोकरी टोप्या, पदकं. पदकांवर गालभर कल्ले राखलेला एक म्हातारा बादशहा आणि बक्कलांवर दोन डोक्यांचा गरुड.

"हे काय जमवलंय, इद्रीसभाय?"

"ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं सामान आहे. पहिल्या महायुद्धातलं."

"हे कुठं आलं?"

"आता कुठंच नाही. ते राज्यच खलास झालं," असं म्हणून तो पाहुण्याला चहा विचारायचा.

हर्णैचा हा माणूस दुबईत देऱ्यातल्या एका कार्गो कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर होता. काचसामान, फ्रीज, झुंबरं अशी बांधायचा की जगाच्या दुसऱ्या टोकाला ओरखडाही न पडता पोचावीत. पण त्याच्या घराण्यातलं एक माणूस मात्र कुठं पोचलंच नव्हतं. त्याचे आजोबा महमूद आगबोटीवर कोळसा ओढणारे खलाशी होते. पहिल्या लढाईत ती आगबोट माल्टाच्या दक्षिणेला बुडाली. दाभोळचा एक खलाशी तेवढा वाचून गावाकडं आला. त्यानं सांगितलं, पाण्यातून एक बोट वर आली, तिच्यावर लाल-पांढरं-लाल निशाण होतं, आणि मग धडाका झाला. साहेब लोक ओरडत होते, अस्त्रिया, अस्त्रिया.

इद्रीसची दादी मैमुनाबी तेव्हा पोटुशी होती. ती इद्दतीला, विधवेच्या सुतकाला, बसली नाही. "मय्यत बघितली नाही, मग इद्दत कसली?" असं म्हणाली, ते मरेपर्यंत म्हणत राहिली. तिच्या पोटी जन्मलेला मुलगा म्हणजे इद्रीसचे अब्बा. बापाचं तोंड न बघितलेला हा माणूस आयुष्यभर बंदरावर येणाऱ्या प्रत्येक जाणत्याला विचारायचा की अस्त्रियाची ती बोट कुठली, तिच्यावर कोण होतं. कुणाला माहीत असणार?

त्र्याण्णव साली रशियाकडचे फुटकळ व्यापारी देऱ्यात झुंडीनं यायला लागले. येताना घरातलं विकाऊ सामान आणायचे आणि जाताना टीव्ही, ब्लँकेटं न्यायचे. त्यांचा माल बांधायला इद्रीसच्याच ऑफिसात यायचा. त्यातली स्तेफानिया नावाची एक धिप्पाड बाई नासर स्क्वेअरच्या फुटपाथवर चादर पसरून बसायची. दुर्बिणी, घड्याळं, कॅमेरे. एके दिवशी तिच्या चादरीवर इद्रीसला एक काळी रेशमी फीत दिसली. तिच्यावर सोनेरी अक्षरं होती.

"रशिया?" त्यानं विचारलं.

"नो रशिया," बाई फणकारली. "ऑस्ट्रिया. ओल्ड. नेवी. माय सिटी, बिफोर, ऑस्ट्रिया."

इद्रीसनं फीत उचलून अक्षरं निरखली. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द त्याला दादीच्या गोष्टीतला वाटायचा, एखाद्या राक्षसाच्या नावासारखा. त्यानं घासाघीस न करता फीत घेतली आणि दुसऱ्या दिवशी टेलिफोनच्या बूथवरून गावी फोन लावला.

"अब्बा, अस्त्रियाच्या खलाशाच्या टोपीची फीत मिळाली. माझ्या हातात आहे."

म्हाताऱ्यानं विचारलं, "कशी आहे?"

"मऊ आहे. रेशमी."

"मऊ?" अब्बा म्हणाले. "आणखी मिळतं का बघ. बोटीचं नाव कुठंतरी लिहिलेलं असेल."

तिथून ते सुरू झालं. स्तेफानिया आणि तिच्या ओळखीच्या बाया दर खेपेला काही ना काही आणत. आरमाराचं सामान फार थोडं, पायदळाचंच जास्त. इद्रीस तेही घेत गेला. फौज तीच, बादशहा तोच, असं स्वतःला सांगत गेला. रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये साताऱ्याकडचा दौलत सुतारकाम करायचा. त्यानं काचेचं कपाट करून दिलं. लावून झाल्यावर तो मागं सरून बघत राहिला आणि म्हणाला, "बुरोंडकरभाऊ, ज्यांनी आजोबाला मारलं त्यांची कापडं घरात कशाला?"

"दुसऱ्या कुणाचं काय आहे माझ्याकडं?" इद्रीस म्हणाला. "आजोबांचं तर बटणसुद्धा नाही."

शहनाझला, त्याच्या बायकोला, आधी कौतुक वाटलं, मग अडचण व्हायला लागली. डायनिंग टेबल घ्यायचं राहिलं ते राहिलंच. बादशहाचा चेहरा समोर ठेवून नमाज कसा पढायचा म्हणून तिनं कपाटाला पडदा शिवला. नमाजाच्या वेळी तो ओढायचा, नंतर सारायचा. मुलगी मुनिबा मोठी झाली तशी मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली. "पप्पा, इट्स क्रीपी," एवढंच म्हणायची.

पण खरी कुरबुर सुट्टीवरून व्हायची. उन्हाळ्यात शारजाची हवा अशी दमट की एसी चार दिवस बंद ठेवला तर कातड्याला बुरशी आणि पितळेला हिरवा लेप. कुलूप लावून महिना-दीड महिना गावी जायचं तर एसी कुणाच्या भरवशावर चालू ठेवायचा? एका वर्षी शहनाझ आणि मुनिबा दोघीच गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी शहनाझनं विमानतळावर बॅगा चढवता चढवता सुनावलं, "तुमचे अब्बा दाराकडं डोळे लावून बसलेत. आणि तुम्ही इथं मेलेल्यांच्या टोप्यांना गारवा देत बसा."

"त्यांच्यासाठीच चाललंय हे," इद्रीस म्हणाला. त्याला ते खरं वाटत होतं. दर शुक्रवारी फोनवर अब्बा विचारायचे, "नवीन काय?" आणि तो एकेक वस्तू वर्णन करून सांगायचा. म्हाताऱ्याला दिसेनासं झालं होतं, त्यामुळं तो बारकाईनं सांगायचा. गरुडाच्या दोन माना कुणीकडं वळल्यात, बादशहाच्या गळ्यात काय आहे. अब्बा मन लावून ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "बोटीचं नाव?"

नव्व्याण्णव साली एक म्हातारा गोरा इंजिनियर कार्गोच्या ऑफिसात आला. नोकरी संपवून देशी चालला होता, घरसामान पाठवायचं होतं. नाव ग्रूबर. देश ऑस्ट्रिया. इतक्या वर्षांत इद्रीसला भेटलेला हा पहिला जिवंत अस्त्रियावाला. त्यानं त्याला शुक्रवारी घरी जेवायला बोलावलं.

शहनाझनं वडे-सागोती केली. ग्रूबरसाहेब घाम पुसत, कौतुक करत जेवला, आणि मग कपाटासमोर उभा राहिला. एक टोपी त्यानं हातात घेतली, आतलं अस्तर उलटून पाहिलं. "माझ्या आजोबांची अशीच होती," तो इंग्रजीत म्हणाला. "ते परत आले."

"माझे नाही आले," इद्रीस म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. दाभोळचा खलाशी, निशाण, साहेबांची ओरड.

"हे केव्हाचं?"

"सोळा साल. भातपेरणीच्या सुमाराला. दादी म्हणायची, शबे-बरातच्या आधी."

मुनिबानं कंप्युटरवर हिशेब काढला. "जून, पप्पा. बिगिनिंग ऑफ जून."

ग्रूबर खुर्चीवर बसला. हातातली टोपी त्यानं गुडघ्यावर ठेवली. "मी नको सांगायला, पण तुम्ही इतकी वर्षं..." तो घुटमळला. "त्या उन्हाळ्यापर्यंत जर्मनी आणि इटलीची लढाई जाहीर झाली नव्हती. म्हणून इटलीचीही जहाजं बुडवता यावीत यासाठी त्या समुद्रात जर्मन पाणबुड्या आमचं निशाण लावून फिरायच्या. आमच्या स्वतःच्या पाणबुड्या लहान. इतक्या लांब क्वचितच जायच्या. तुमच्या माणसानं निशाण बरोबर पाहिलं असणार. पण आतली माणसं..."

"जर्मन?"

"बहुतेक."

"नक्की कोण सांगेल?"

"आता नक्की कोण सांगणार?" ग्रूबर म्हणाला. "आय ॲम सॉरी, मिस्टर इद्रीस."

शहनाझ स्वयंपाकघराच्या दारात पाणी घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली. इद्रीसनं पाहुण्याला खाली टॅक्सीपर्यंत सोडलं, हात मिळवला, सामान नीट पोचेल म्हणाला. ते पोचलंही नीट.

पुढच्या शुक्रवारी त्यानं अब्बांना फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शुक्रवारी शहनाझनंच नंबर फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "सांगा. की आणखी गरुडाच्या माना वर्णन करणार आहात?"

त्यानं सांगितलं. सावकाश, दोनदा, कारण अब्बांना ऐकूही कमी यायला लागलं होतं. अस्त्रिया नव्हतं अब्बा, जर्मन असावेत. निशाण तेवढं अस्त्रियाचं. बोट कुठली ते सांगता येत नाही.

"म्हणजे आपण ज्यांना शिव्या दिल्या ते नव्हतेच?"

"नव्हते बहुतेक."

"आईनं जन्मभर दिल्या," अब्बा म्हणाले. "बरं. मग आता कुणाला विचारायचं?"

इद्रीस म्हणाला, "मी येतो अब्बा, या उन्हाळ्यात येतो. एसी बंद करून येतो."

"ये," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी "नवीन काय?" असं विचारलं नाही. फोनवर तब्येत विचारायचे, मुनिबाचा अभ्यास विचारायचे, आणि रिसीव्हर सुनेकडं द्यायला सांगायचे.

त्याची सुट्टी लागण्याआधीच अब्बा गेले. सकाळी फोन आला आणि दुपारी दफन उरकलं. गर्मीचे दिवस, मय्यत ठेवता येत नाही, भावकीतल्यांनी समजावलं. इद्रीस तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. शेजारी मैमुनाबीची कबर होती. तिच्या पलीकडं जागा मोकळी सोडलेली होती, ती का सोडलीय हे विचारायची गरज नव्हती.

तो परत आला, पण कपाटाचा पडदा नमाजानंतर सारायचा राहून जाऊ लागला. मग तो कायमचाच ओढलेला राहिला. दोन हजार एक साली मुनिबाच्या कॉलेजसाठी शहनाझ तिला घेऊन मुंब्र्याला गेली. जाताना तिनं विचारलं, "या सामानाचं काय?"

"बघू, इन्शाल्ला," तो म्हणाला.

त्यानं काही बघितलं नाही असं नाही. एका म्युझियमच्या ऑफिसात तो फोटो घेऊन गेला. तिथल्या माणसानं सौजन्यानं सांगितलं की याचा आमच्या देशाशी काही संबंध नाही. हिंदुस्थानात न्यायचं तर संगिनी विमानतळावर अडकणार. मुनिबाला विचारलं, तर ती फोनवर म्हणाली, "पप्पा, व्हॉट वुड आय डू विथ इट?" तिचंही खरंच होतं.

दोन हजार तीनमध्ये बिल्डिंग पाडायची नोटीस लागली. इद्रीस चौघांच्या खोलीत एका खाटेवर राहायला गेला. निघण्याआधी त्यानं सगळा संग्रह बांधला. आयुष्यभर परक्यांचं सामान बांधलं तसंच, प्रत्येक वस्तूला बटर पेपर, कोपऱ्यांना थर्माकोल, वरून टेप. फक्त खोक्यांवर पत्ता काय लिहायचा ते सुचलं नाही, तेव्हा ती कोरीच राहिली. दौलत टेम्पो घेऊन आला आणि कपाटाच्या काचा घेऊन गेला. खोकी डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला युसुफकडं गेली. युसुफ त्याचा मावसभाऊ, बंदराजवळ त्याचं पत्र्याचं गोदाम होतं.

वर्षभरानं युसुफचा फोन आला की गोदाम मालकाला परत द्यायचंय. इद्रीस शुक्रवारी डोंगर ओलांडून गेला. पत्र्याखाली भट्टीसारखी गर्मी आणि समुद्राची खारट ओल. पहिलं खोकं उघडल्यावर वास आला. बांधणीत काही कसूर नव्हती, पण खारी हवा टेपला जुमानत नाही. लोकरीच्या टोप्यांची हातात घेताच पूड झाली. कातडं काळंठिक्कर पडून चिकटलं होतं. पितळेवर हिरवे फोड.

"पॉलिश केलं तर?" युसुफनं विचारलं.

"कशाला?" इद्रीस म्हणाला.

त्यानं धातू एका बाजूला काढला, कापड-कातडं दुसऱ्या बाजूला. धातू भंगारवाल्या पठाणानं पोत्यात भरला. तो पोतं उचलून वजनाचा अंदाज घेत होता, आत काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. कापड बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरापेटीत गेलं. दोघांनी नळावर हात धुतले. परत येताना युसुफ पिकअप चालवत नवीन जागेचं भाडं, मुलांची शाळा असलं काही बोलत राहिला, आणि इद्रीस हूं हूं करत राहिला.

संध्याकाळी खाटेवर बसला असता शहनाझचा फोन आला.

"झालं का काम?"

"खलास."

तिच्या मागं मुंब्र्याच्या रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते.

"तुम्ही परत कधी येताय?" तिनं मग विचारलं.

"व्हिसाला दोन वर्षं आहेत अजून."

"बरं. जेवलात?"

"जेवतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं खाटेखालचा डबा ओढला.