पहिला वन्समोअर कुणाचा

जालन्याच्या स्टेशनावर नाटक कंपनी उतरली की सामानाच्या बैलगाड्या मैदानाकडे निघायच्या, आणि पडद्यांच्या गुंडाळ्या लादलेली पहिली गाडी तिथं पोचायच्या आत भालचंद्र रोहिलागडकर हजर असायचे. गाव त्यांना भालबा म्हणायचं. अदालतीत अहलकार, म्हणजे कारकून होते. घरात ते आणि बायको शरयूबाई, दोघंच. भालबांना विडीकाडीचा शौक नव्हता, कपड्यालत्त्याचा नव्हता. नाद एकच, संगीत नाटकाचा, आणि तो मात्र हाडीमाशी खिळलेला.

त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं. न्हाणीघरात गुणगुणले तरी शरयूबाई बाहेरून विचारायच्या, "काही पाह्यजे का?" पण तंबूत त्यांचा एक मान होता. पद संपलं की पहिला वन्समोअर भालबांचा. ते उठसूट द्यायचे नाहीत. चांगलं पदही हात बांधून ऐकून सोडून द्यायचे. पण एखादं पद खरोखर जमलं की पहिल्या रांगेतल्या, खांबाजवळच्या खुर्चीतून त्यांचा खणखणीत आवाज उठायचा, आणि मागोमाग अख्खा तंबू "वन्समोअर! वन्समोअर!" करत उसळायचा. नट मंडळीसुद्धा शेवटची तान घेताना त्या खुर्चीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

रझाकारांच्या दिवसांत कंपन्या इकडं फिरकल्याच नव्हत्या. पोलीस अॅक्शन झाली, निजामी गेली, आणि पुन्हा तंबू लागायला लागले. याचा भालबांना आनंद होताच. पण त्याच बदलात त्यांचं ऑफिसातलं वजन गेलं. त्यांचं उर्दू अक्षर असं, की जुने मुन्सफसाहेब फैसले त्यांच्याच हातून लिहून घ्यायचे. आता नवे साहेब आले, कामकाज इंग्रजीत आणि मराठीत सुरू झालं, आणि भालबांना मागच्या खोलीत जुन्या खटल्यांच्या मिसली सांभाळायला बसवलं. तिथं दिवसभर कुणी काही विचारायला येईना. तंबूत मात्र विचारायचे. "काय भालबा, कसं काय वाटलं मंग?" असं कापडवाल्या रामकिसनशेटनं सगळ्यांच्या देखत विचारलं, की मागच्या खोलीचा सगळा शीण उतरायचा.

बावन्न सालच्या थंडीत रेणुकाप्रसाद संगीत मंडळी आली. तिचा मुख्य गायक मच्छिंद्रबुवा. भालबांच्या मते मराठवाड्यात त्यावेळी त्याच्या तोडीचा गळा नव्हता. पहिल्याच खेळात दुसऱ्या अंकात त्यानं भीमपलासातलं एक पद असं काही उचललं, की भालबांच्या अंगावर काटा आला. तान वळली, समेवर आली. भालबांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डावीकडच्या कनातीपलीकडून, बायकांच्या बाजूनं, स्वच्छ आवाज आला.

"वन्समोअर!"

बाईमाणसाचा वन्समोअर जालन्यात कुणी ऐकला नव्हता. मग सगळा तंबू उसळला. मच्छिंद्रबुवानं हसून कनातीकडे हात जोडले आणि पद पुन्हा धरलं. भालबांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

घरी येताना त्यांनी विचारलं, "कोण होती ती?"

"अरुंधतीबाई. मुलींच्या शाळेतली नवी मास्तरीण," शरयूबाई म्हणाल्या. "परतूरची हाये. आई-बाप न्हाईत, मामानं शिकवली. अहो, माझ्या शेजारीच बसल्ती. काय गोड बाई!"

"गोड का काय. बाईनं असं ओरडावं का?"

"मला तर बराबर वाटलं. तिनं दिला नसता तर तुम्ही दिलाच असता की."

हेच तर भालबांना सलत होतं. आपला देऊन झाला असता. एका श्वासाचा उशीर झाला, बस. सबंध वाट ते मनाशी हेच घोकत राहिले.

पुढच्या दोन्ही खेळांना तेच झालं. बाईचा आवाज बरोबर समेच्या मागोमाग यायचा, ना आधी ना नंतर, आणि तंबू तिच्यामागं जायचा. रामकिसनशेट आता चहाच्या हॉटेलात सगळ्यांना सांगू लागला, "मास्तरणीचा कान म्हंजे बिलकुल कान हाये बरं का." भालबा समोर बसलेले असताना सांगू लागला. घरी वेगळीच कथा. शरयूबाई भाजी चिरताना म्हणायच्या, "बाई म्हणाल्या, तो ऑर्गनवाला मधे मधे फार बोटं नाचवतो." कपडे वाळत घालताना म्हणायच्या, "बाई म्हणाल्या, बुवांचा खर्जच खरा." वीस वर्षं भालबा आपल्या बायकोला नाटकातलं सांगत आले होते. तिनं त्यातलं एक वाक्य कधी बाहेर बोलून दाखवलं नव्हतं.

दरवर्षी कंपनीच्या मुख्य नटाला भालबांच्या घरी जेवण असायचं. त्या दिवशी भालबा ऑफिसातून लवकर यायचे, पाट स्वतः मांडायचे. यंदा मच्छिंद्रबुवाला आमंत्रण द्यायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "येतो की. अन् भालबा, त्या वन्समोअरवाल्या बाई कोण हो? ओळखीच्या असल्या तर त्यांनाही बोलवा."

नाही कसं म्हणणार? अरुंधतीबाई आल्या. तिशीच्या आत-बाहेरच्या, सडपातळ, इस्त्रीची पांढरी साडी, चष्मा. भालबांना वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "काका, परतूरला आमचे मामा तुमचं नाव घ्यायचे. जालन्याचा तंबू भालबांच्या आवाजावर हलतो म्हणायचे."

"हलायचा," भालबा म्हणाले.

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवताना मच्छिंद्रबुवानं विचारलं, "बाई, तुम्हाला नेमकं कळतं कसं हो, कुठं द्यायचा?"

"तुम्ही सम गाठल्यावर खांदे खाली सोडता," अरुंधतीबाई म्हणाल्या. "तोवर पद तुमचं असतं. खांदे सोडले की मंग आमचं."

बुवाचा घास हातातच राहिला. "हे मला कुणी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला, आणि पाटावरच तिच्याकडे वळून बसला. मग दोघांचं जे सुरू झालं! कुठलं पद कुठं खुलतं, भैरवी कितपत लांबवावी, तबलजी कुठं घाई करतो. भालबा आग्रह करून श्रीखंड वाढत होते आणि बुवा न बघता "पुरे, पुरे" म्हणत होता. खांदे तर भालबांनीही पाहिले होते. वर्षानुवर्षं पाहिले होते. फक्त ते असं शब्दांत मांडता येतं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. आता सुचूनही उपयोग नव्हता, कारण आता ते तिचं झालं होतं.

रविवारी दुपारचा खेळ होता. भालबा घरून ठरवूनच निघाले, की आज काही झालं तरी आपला आवाज पहिला. भीमपलासाचं पद आलं. बुवा रंगात होता. तान वर गेली, वळली, आता येणार, आता येणार, आणि भालबांना राहवलं नाही.

"वन्समोअर!"

सम अजून आलीच नव्हती. बुवाची तान मधेच तुटली. तबलजीचा हात हवेत राहिला. मागं जमिनीवर बसलेल्यांतून कुणीतरी खुदकन हसलं, आणि एक आवाज आला, "भालबा, गाडी पकडायची का?" मग सगळेच हसले. मच्छिंद्रबुवा सभ्य माणूस. त्यानं खांबाकडे हात जोडले आणि पद पहिल्यापासून म्हटलं. पण मोडलेली गोष्ट ती मोडलेली. पद सपाट गेलं आणि कनातीपलीकडून चकार शब्द आला नाही. तिसऱ्या अंकात बाईंनी दुसऱ्याच पदाला वन्समोअर दिला, आणि तंबू असा घुमला की भालबा खुर्चीतून उठले आणि चालते झाले. उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच नाटक अर्धं टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, ते त्यांच्यासारख्या माणसानं करायला नको होतं. मुलींच्या शाळेच्या कमिटीवर कारभारी नावाचे एक वजनदार गृहस्थ होते, रोज अदालतीत येणारे. भालबांनी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सहज म्हणाले, "आपल्या शाळेच्या बाई तंबूत ओरडून राह्यल्यात म्हणे. गावात बोलतेत लोक. मला काही न्हाई, पण पोरींचे आईबाप काय म्हणतील?" गावात कुणी काही बोलत नव्हतं. जे बोलत होते ते कौतुकानं बोलत होते. कारभारींनी मान डोलावली आणि त्याच दिवशी बाईंना समज दिली, की नाटक बघा, पण आवाज नको.

पुढच्या खेळाला अरुंधतीबाई आल्या आणि गप्प बसून राहिल्या. भालबांनी सम येऊ दिली, खांदे खाली येऊ दिले, आणि मग दिला. तंबू त्यांच्या मागून गेला. सगळं पूर्वीसारखं झालं. पण मच्छिंद्रबुवानं हात जोडले ते कनातीकडे बघत, जणू तिकडून काही यायचं राहिलंय. भालबांना तोही घास गोड लागला नाही.

शरयूबाईंना शाळेतली गोष्ट कळली ती बाईंकडून नव्हे, कारभारींच्या घरातून. कारभारींची बायको द्वारकाबाई हळदीकुंकवाला सांगून गेली, "तुमच्या यजमानांनीच आमच्या ह्यांच्या कानावर घातलं म्हणे." शरयूबाईंनी घरी एक शब्द काढला नाही. भालबांना वाढलं, विडा दिला, आणि कंपनीच्या शेवटच्या खेळाला ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांच्याबरोबर निघाल्या.

शेवटचा खेळ म्हणून तंबू चिकार भरला होता. बुवानं भीमपलास धरला. तसा तो त्या मुक्कामात कधी गायला नव्हता. तान आली, सम आली, खांदे खाली आले. भालबांनी छाती भरून घेतली.

"वन्समोअर!"

कनातीपलीकडून. पण हा आवाज मास्तरणीचा नव्हता. थोडा घोगरा, थोडा कापरा, आणि भालबांच्या पूर्ण ओळखीचा. रोज सकाळी हाच आवाज त्यांना आंघोळीचं पाणी काढल्याचं सांगायचा. त्याच्या मागोमाग दुसऱ्या बाईचा आला, मग तिसरीचा, आणि मग सगळी कनातीपलीकडची बाजू, वकिलिणी, डॉक्टरीण, कारभारींची द्वारकाबाईसुद्धा, एका सुरात ओरडली. पुरुषांची बाजू आ वासून ऐकत राहिली आणि मग त्यांच्यात सामील झाली. मच्छिंद्रबुवा हात जोडायचंही विसरला. पद मात्र त्यानं पुन्हा म्हटलं, आणि भालबांनाही कबूल करावं लागलं, की पहिल्याहून सरस म्हटलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"कळून कुठं दिलाय?" शरयूबाई लुगड्याची घडी घालत म्हणाल्या. "मला आवडलं. अन् आता जा कारभारींकडं. माझंही नाव सांगा."

भालबा गेले नाहीत. कमिटीनंही मग तो विषय काढला नाही. स्वतःच्या घरातल्या बायकांना कोण समज देणार?

त्यानंतर भालबांचं नाटक बघणं सुटलं नाही आणि जळणंही सुटलं नाही. फरक इतकाच, की आता एकीच्या जागी दोघी होत्या. पुढं कनाती गेल्या, नवराबायको शेजारी बसू लागले. तेव्हा रांगेत आधी भालबा, मग शरयूबाई, मग अरुंधतीबाई अशी बैठक पडली. दोघी पदापदाला एकमेकींच्या कानाशी लागायच्या आणि भालबा मान वाकडी करून ते पकडायला बघायचे. शाळेच्या गोष्टीवरून बाईंनी त्यांना कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं, असं त्यांना वाटायचं.

कंपन्या एकेक करून बंद पडल्या. थेटरात सिनेमे लागले. रेणुकाप्रसाद मंडळीही मोडली. अरुंधतीबाई बढती होऊन अंबडच्या शाळेत गेल्या. एकोणसाठ साली तिथल्या मत्स्योदरी देवीच्या जत्रेत एक लहानशी कंपनी आल्याचं कळलं, आणि भालबा शरयूबाईंना घेऊन बसनं अंबडला गेले. खेळ बेताचाच होता. सुटल्यावर बाई त्यांना पोचवायला स्टँडपर्यंत आल्या.

"काका, बुवांना पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरला गेल्ते. तिथल्या हौशी मंडळीत गातात आता. आवाज बसलाय, पण भीमपलास अजून तसाच. तुमची आठवण काढली त्यांनी."

"कितीदा ऐकलं?" भालबांनी विचारलं.

"महिनाभर होते मी तिथं. तालमीला रोजच जायची."

"रोज?"

"रोज."

बस आली. भालबा खिडकीशी बसले आणि जालन्याच्या निम्म्या वाटेपर्यंत बाहेरच बघत राहिले. त्यांचा चेहरा शरयूबाईंनी चांगला ओळखला होता. मग भालबांनीच घसा साफ केला.

"काय गं," ते म्हणाले, "ती तुझी मावसबहीण, साळू, ती सोलापूरलाच दिली ना?"