सुलूबाई आणि नातवाची टाळू

केबिन रोडच्या मागच्या इमारतींत कुणाकडे बाळ झालं की सुलूबाईंना निरोप यायचा. लग्न होऊन रत्नागिरीकडून भाईंदरला आल्या; नवरा गेल्यावर लोकांची बाळं न्हाऊमाखू घालूनच त्यांनी एकुलत्या मुलाला, निकेतला, वाढवलं. मारवाड्याचं असो की मराठ्याचं, आधी देवाचं नाव घेऊन टाळूवर तेल जिरवायचं, मग अंग. डोकं लांबट असलं तर हातानं वळवायचं, खाली मोहरीची उशी द्यायची. हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे आणि त्यांनाही ते खरंच वाटायचं.

म्हणून नातवाची, अभिनवची, टाळू लवकर भरली तेव्हा त्यांनी शेजारी साखर वाटली. हाड बळकट आहे म्हणाल्या. डोकं मात्र लांबच होत चाललं, मधोमध बोटाला वरंबा लागायला लागला. सून मनाली डॉक्टरला दाखवूया म्हणायची.

"अगं, तुझ्या नवऱ्याचं डोकं नारळासारखं होतं. याच हातांनी गोल केलंय. आत काय भरलंय ते माझ्या हातात नव्हतं."

मनालीही तेव्हा हसली होती. महिने तसेच गेले.

शेवटी बाळाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कवटीचा फोटो दाखवला. कवटीचे तुकडे शिवणींनी जोडलेले असतात, मेंदू वाढतो तोवर त्या सैल राहायला हव्यात. याची मधली शिवण पोटात असतानाच मिटायला लागली होती. मालिशनं काही झालेलं नाही, असं त्या आपणहून म्हणाल्या. पण वेळेत आणलं असतं तर छोट्या छेदावर भागलं असतं. आता कवटी जास्त उघडावी लागणार.

मनालीनं मोबाइलवर वाचलं होतं, पेशींपासून नवी शिवण तयार करतात म्हणे. याला तसं करता येईल का, तिनं विचारलं. बाईंनी नीट सांगितलं. हाड कापून केलेल्या फटीत मऊ जेलमध्ये पेशी ठेवतात, त्यातून शिवणीसारखा जिवंत थर तयार होतो आणि फट पुन्हा हाडानं बुजत नाही.

"पण हे उंदरांवर झालंय. माणसाच्या बाळाला देण्याइतकं अजून नाही. आणि तुमच्या बाळाला थांबता येणार नाही."

सुलूबाई ऐकत होत्या. आपण जन्मभर टाळू भरावी म्हणून तेल घातलं, आणि ही माणसं शिवण उघडी राहावी म्हणून खपतायत, एवढंच मनात आलं. रडू आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी देवापुढे दिवा लावला. गावदेवीला गाऱ्हाणं घालायला हात जोडले आणि तसेच सोडले. निकेतचा फोन आला, नीट झालं म्हणाला. बरं, म्हणाल्या आणि भात टाकला.

बाळ घरी आलं, या कानापासून त्या कानापर्यंत टाके. मनाली सासूशी बोलायची, जेवायला वाढायची, पण बाळ मांडीवर द्यायची नाही. सुलूबाईंनी मागितलंही नाही. बाहेरची कामंही बरं नाही सांगून टाळली.

टाके सुकल्यावर एका सकाळी मनालीनं तेलाची वाटी आणून ठेवली आणि बाळ त्यांच्या पसरलेल्या पायांवर दिलं. सवयीनं सुलूबाईंचं बोट टाळूकडे गेलं आणि वरच थांबलं.

"आई, पायांपासून करा आता. डोक्याचं डॉक्टर सांगतील तेव्हा."

ती उठून गेली नाही. समोर बसून त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

सुलूबाईंनी पाय चोळायला घेतले. देवाचं नाव घ्यायचं राहिलं, हे पोटरीपर्यंत आल्यावर आठवलं. मग मनातल्या मनात घेतलं.