पहिले तू बोल

“पहिले तू बोल, भैया,” असं म्हणून ते दुर्बिणीपासून बाजूला व्हायचे.

ते इथल्या हिंदी मुलखातले, खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातले, पण ‘आधी तू सांग’ असं त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. मी भुसावळकडचा. मी हसलो की म्हणायचे, “तुमची मराठी म्हणजे नुसता झगडा. आमच्या मराठीत जरा साखर आहे.”

ते मालगाडीचे लोको पायलट आणि मी त्यांचा सहायक. सगळे त्यांना दादा म्हणत. सुटीच्या दिवशी आठच्या सुमाराला मी त्यांच्या तापलेल्या गच्चीवर जायचो. तिथे सहा इंची आरशाची दुर्बीण होती, पाण्याच्या पाइपाची नळी वापरून त्यांनीच जोडलेली. तिच्यातून ते भुजंग तारकासमूहातला एक गोलाकार तारकागुच्छ बघत. हजारो तारे, ताटात सांडलेल्या रव्यासारखे. त्याच्या कडेला एक रूपविकारी तारा आहे. तो पंचवीस-सव्वीस दिवसांत मंदावतो आणि पुन्हा उजळतो. शेजारच्या, न बदलणाऱ्या दोन ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज ठरवायचं. एकाचं ऐकून दुसऱ्याची नजर बहकू नये म्हणून आम्ही वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचो. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर दादा लहान मुलासारखे भांडत.

यंदा त्यांनी चिठ्ठ्या बंद केल्या. “छोड यार, तू बोल, मी ऐकतो.” तुम्हीही अशी हट्टी माणसं पाहिली असतील, त्यांचं काही बदललं तरी वाटतं, असेल आणखी एक लहर. मलाही तसंच वाटलं.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मी बघितलं आणि म्हणालो, “दादा, आज खालच्या ताऱ्याइतका आहे.” दादा बसले, बराच वेळ डोळा लावून राहिले.

“बरोबर. एकदम तेवढाच.”

ते पाणी प्यायला उठले आणि मी पुन्हा डोळा लावला. तिथे गुच्छच नव्हता. मघाशी दादांना जागा द्यायला स्टुलावरून उठताना माझं कोपर नळीला लागलं असणार. समोर नुसतं काळं आकाश होतं.

“दादा, गुच्छ दिसला ना नीट?”

“दिसला की! का?”

इंजिनावर नियम असा की सिग्नल दोघांनीही मोठ्याने सांगायचा. मी एकेक फेरी आठवू लागलो. अलीकडे जवळजवळ प्रत्येक सिग्नल आधी मीच सांगत होतो आणि दादा माझ्या मागून तेच म्हणत होते. सकाळी आम्हाला बीना स्टेशनापर्यंत मालगाडी न्यायची होती. दादांच्या डोळ्यांची तपासणी तीन महिन्यांवर होती. नापास झाले तर इंजिनावरून उतरवून कचेरीत टेबलावर बसवणार, आणि दादांना टेबलाचा तिटकारा. मी रात्रभर जागा होतो. सांगायची भीती वाटत होती, न सांगण्याची त्याहून जास्त.

सकाळी गाडी यार्डात उभी होती. सूर्य समोर होता. सिग्नल हिरवा झाला आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. उभ्या गाडीत ही परीक्षा घेता येत होती. पुढे येणार नव्हती.

दादांनी समोर बोट रोखलं, पण तोंडातून शब्द निघेना. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागून गार्डसाहेब वॉकीटॉकीवर ओरडले, “पायलट साहब, सिग्नल हो गया, गाड़ी काहे नहीं बढ़ा रहे?”

दादांनी बोट खाली घेतलं आणि वॉकीटॉकी उचलला.

“पायलट की तबीयत ठीक नहीं है। दूसरा भेजिए।”

मग हळू आवाजात मला म्हणाले, “घाबरला होतास ना?”

“हो, दादा.”

“मी पण. पाच महिने झाले, रोज.”

आपली ड्यूटीची पेटी उचलून, पायाने एकेक पायरी चाचपत ते इंजिनावरून उतरले. पुन्हा कधी चढले नाहीत.

पाच महिने! त्या पाच महिन्यांत धावत्या इंजिनात त्यांच्या शेजारी बसून मी निवांत डबा खात होतो. कधीकधी तर डुलकीही काढत होतो.